पुढच्या चाकांवरचं वजन

हर्षा मॅडमनी तीन कागद टेबलावर पसरले आणि अश्वजितला खुर्ची दाखवली. तो बसला नाही. बसलं की पुन्हा उठायचा कंटाळा येतो, असं त्याला अलीकडे व्हायला लागलं होतं.

"यातलं कोणतं घ्यायचं ते तुम्हीच सांगा, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "नावेचा ट्रेलर तुम्हालाच ओढायचा आहे. मला यातलं काही कळत नाही, आणि उगाच सही करायची नाही."

कागदांवर जाड लोखंडी हुकांचे फोटो होते. वर इंग्रजीत छापलेलं होतं, वेट डिस्ट्रिब्युशन हिच. ट्रेलरचं नाक गाडीच्या मागच्या टोकावर टेकलं की गाडीचं बूड खाली बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. मग स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. या हिचला दोन स्प्रिंगच्या दांड्या असतात. त्या ताणून बांधल्या की मागचा भार थोडा पुढच्या चाकांवर जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांवर. अश्वजितला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं तो गाड्याच चालवत होता.

"मले नका सांगू मॅडम," तो म्हणाला. "दुसऱ्या कोन्या डायवरले इचारा. मी अर्ज देल्लो आहे, मले जीपवर टाका म्हनून."

"तो अर्ज माझ्याकडे आहे. पावसाळा होऊ द्या, मग बघू. पण हे तुम्हीच करा."

अहेरीतलं हे नदीकाठ मदत केंद्र तसं लहानच. एक शेड, एक फोर-बाय-फोर पिकअप आणि वीस फुटी फायबरची नाव. नावेला दोन इंजिनं, तिचा चार चाकी ट्रेलर. सगळं मिळून दोन टनांच्या आसपास जायचं. हर्षा मॅडम मूळच्या आरमोरीच्या. इथं येऊन त्यांना चारच महिने झाले होते, त्यामुळे मागच्या ऑगस्टमधलं त्यांनी फक्त फाइलमध्ये वाचलं होतं.

मागच्या ऑगस्टमध्ये भामरागडला पूर चढला. अश्वजित नाव घेऊन निघाला, आणि ताडगावच्या अलीकडच्या उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. आधी थोडा, मग पिकअपलाच इकडून तिकडे फेकायला लागला. ब्रेक मारला तसा ट्रेलर आडवा झाला आणि नाव नालीत पडली. नावेत मागच्या बाजूला, डिझेलच्या कॅनजवळ, नावाडी वारलू मडावी बसला होता. तो दगडांवर फेकला गेला. त्याचा डावा खांदा मोडला. भामरागडला दुसरीकडून नावा आल्या, लोक वाचले. पण ही नाव पोचली नाही ती नाहीच.

तेव्हाचे केंद्रप्रमुख जागेवर अर्धा तास थांबले होते. त्यांनी अहवालात लिहिलं, 'नावाडी विनापरवानगी नावेच्या मागील भागात बसल्याने तोल जाऊन अपघात झाला.' खाली साक्षीदार म्हणून अश्वजितची सही होती. वारलूचं नाव नावाड्यांच्या यादीतून निघालं.

तेव्हापासून अश्वजितला थकवा यायचा. डॉक्टरनं रक्त तपासलं, सगळं बरोबर निघालं. बायको मीरा म्हणायची, रजा घ्या. रजा घेतली तर घरी बसून काय करायचं, हे त्याला कळायचं नाही.

तीन कागद खिशात घालून तो दुसऱ्या दिवशी पिकअपनं चंद्रपूरला निघाला. मे महिना होता. आष्टीपर्यंतचा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी उखडलेला, पुढं ट्रक, मागं ट्रक, मध्ये लाल धूळ. वैनगंगेचा पूल येईपर्यंत त्याची पाठ धरली होती. बल्लारपूर रोडला रिना दुर्गे नावाच्या बाईचा ट्रॉली-ट्रेलरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मोठं पत्र्याचं छप्पर, दोन वेल्डिंग मशिनं आणि दारात उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. मॅडमनी तिचा नंबर दिला होता.

रिना पस्तिशीची असेल. हातमोजे काढून तिनं कागद पाहिले.

"हा नागपूरवाला तुम्हाले सगळ्यात जाड दांड्या विकून राह्यला," ती म्हणाली. "काऊन तं त्याच्याजवळ त्याच पडून आहेत."

"जाड म्हंजे मजबूतच ना?"

"मजबूत आहेत. पण वजन कमी आणि दांडी जाड असली तं ते वाकतच नाई. वाकली नाई तं वजन कसं वाटन? खड्ड्यात आदळली का सगळा दणका तुमच्या चेसीवर. तुमचा रस्ता मले माहीत आहे, दोन महिन्यांत चिरा पडतीन." मग तिनं दुसरा कागद उचलला. "हे डिझाइन चांगलं आहे, पण तुमच्या ट्रेलरचा ब्रेक कसा आहे? धक्क्याचा ना?"

"हो. गाडी थांबली का ट्रेलर पुढं येते, नाक आत दबते, मंग ब्रेक लागते."

"मंग हे नाई चालत. हे दोन्हीकडून घट्ट धरते, नाकाले सरकू देत नाई. उतारावर तुमचा ब्रेकच लागनार नाई बरोबर." तिनं तिसरा कागद पुढे केला. "साखळीवाली घ्या. साखळी मागंपुढं हलते, ब्रेकले जागा राह्यते. आता दांडी कोनती, ते नाकावर किती वजन आहे त्यावर ठरन. किती आहे?"

अश्वजित कागद उलटून पाहायला लागला.

"कधी मोजलं नाई?"

"नाई."

"मोजून आना. त्याच्याशिवाय मी काईच विकत नाई." ती पुन्हा हातमोजे घालायला लागली. मग थांबली. "मॅडम सांगत होत्या, मागच्या वर्षी उतारावर हलला म्हनून. तवा नाव कशी ठेवली होती?"

"नेहमीसारखी," अश्वजित म्हणाला.

"नाक हलकं असलं तं ट्रेलर हलतेच, भाऊ. शंभराले दहा-अकरा तरी वजन नाकावर पाह्यजे. त्याच्याखाली गेलं तं ही हिच काय, कोनतीच हिच कामाची नाई. चुकीचं भरलेलं हे सुधरवत नाई."

त्यानं मान हलवली. चहा आला तो अर्धाच प्यायला.

परतीच्या रस्त्यावर गोंडपिपरीच्या पुढे त्यानं गाडी चिंचेच्या सावलीत लावली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. तो खोटं बोलला होता, आणि पहिल्यांदा नाही. मागच्या ऑगस्टमध्ये निघायच्या सकाळी ट्रेलर जोडला तेव्हा पिकअपचं बूड इतकं बसलं होतं की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघत होते. स्टेअरिंग हलकं लागत होतं. भामरागडहून फोनावर फोन येत होते. ट्रेलरवर पुढं एक खांब असतो, नावेचं तोंड त्याला टेकतं आणि पट्ट्यानं बांधलं जातं. अश्वजितनं त्या खांबाचे नट सैल केले, खांब दोन फुटांहून जास्त मागं घेतला आणि नाव मागं सरकवली. पिकअपचं बूड लगेच वर आलं. त्याला बरं वाटलं. मग डिझेलचे कॅन मागं घसरू नयेत म्हणून त्यानंच वारलूला सांगितलं, तिथं बसा, धरून ठेवा.

हे त्यानं चौकशीत सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. केंद्रप्रमुखांनी वाक्य लिहून कागद पुढं सरकवला आणि त्यानं सही केली.

घरी आल्यावर त्यानं वारलूला निरोप पाठवला. नाव जोखायची होती, तिचे सगळे कप्पे आणि सामान कुठं काय असतं ते वारलूशिवाय कुणाला नीट माहीत नव्हतं. असं त्यानं निरोपात सांगितलं, आणि ते खरंही होतं.

वारलू तिसऱ्या दिवशी सकाळी पेरमिलीकडच्या बसनं आला. साठीला टेकलेला, काटक माणूस. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे सदरा घालताना बायकोची मदत लागत असावी. एक बटण चुकलं होतं.

"जोहार, डायवर," तो म्हणाला.

"जय भीम, वारलूभाऊ. या."

त्यांनी आधी अख्खा ट्रेलर ट्रकांच्या काट्यावर नेला. नाव, इंजिनं, सामान सगळं धरून एकोणीसशे वीस किलो भरलं. तिथून ते धान खरेदीच्या गोदामावर आले. हंगाम संपला होता, पोती तोलायचा काटा रिकामाच होता. ट्रेलर सपाट जागी उभा करून त्यांनी नाकाखाली लाकडी ठोकळा ठेवला आणि ठोकळ्यासकट ते काट्यावर टेकवलं. काट्यावर आकडा हलत राहिला आणि थांबला. ठोकळा वजा करून अठ्ठ्याहत्तर.

अश्वजितनं पुन्हा उचलून टेकवलं. अठ्ठ्याहत्तरच.

नाव दुरुस्त करणाऱ्यांनी खांबाला हात लावला नव्हता. तो जिथं होता तिथंच होता. रिनाच्या हिशेबानं नाकावर दोनशेच्या वर पाहिजे होतं. म्हणजे त्या दिवशीही एवढंच असणार, वारलू मागं बसल्यावर त्याहून कमी.

"बरोबर आहे का?" वारलूनं विचारलं.

अश्वजित गोदामाच्या पायरीवर बसला. वारलू उभाच होता, उजव्या हातानं डावा कोपर धरून.

"वारलूभाऊ, त्या दिवशी खांब मी मागं घेतलो होतो," तो म्हणाला. "निघाच्या आधी. गाडी मांगून बसून राह्यली होती म्हनून. नाव सव्वादोन फूट मांगं गेली. नाक हलकं झालं. त्याच्यानं हलला ट्रेलर."

अश्वजितनं पायरीवरचे धानाचे दाणे बोटानं बाजूला केले.

"आनि तुमाले मांगं बसा म्हनून मीच सांगतलो होतो. कागदावर ते नाई लिवलं. मी सही केलो."

"माह्या वजनानं नाई झालं?"

"तुमचं वजन किती, पन्नास किलो. त्याच्यानं थोडसंक झालं असन. पन तुमी नसते बसले तरी झालंच असतं."

वारलूनं ट्रेलरकडं पाहिलं, मग काट्याकडं. त्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसत नव्हता, आणि त्यानं अश्वजितला जास्तच भीती वाटली.

"नऊ-धा महिने झाले," वारलू म्हणाला. "गावात लोकं मले इचारत, कसा पडलास. मी सांगो, मी मांगं बसलो म्हनून नाव पडली. सरकारी नाव माह्याच्यानं पडली. बायकोले बी तेच सांगतलो. मले वाटे, पोराच्या वयापासून डोंगा चालवून राह्यलो, मले एवढंबी कसं नाई समजलं, का वजन कुठी ठेवाव."

"मी सांगाले पाह्यजे होतं."

"हो," वारलू म्हणाला. "पाह्यजे होतं."

तो वळला आणि गोदामाच्या फाटकाबाहेर गेला. अश्वजितला वाटलं, थोड्या वेळानं येईल. तो आला नाही. दुपारी त्यानं बस स्टँडवर जाऊन पाहिलं, पेरमिलीची बस निघून गेली होती. ट्रेलर त्यानं एकट्यानं शेडमध्ये नेला.

संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी तो हर्षा मॅडमसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. ऐकून झाल्यावर चष्मा काढून डोळे चोळले.

"म्हणजे फाइल परत उघडायची," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाजही दमलेला होता. "तुमच्यावर कारवाई होईल, हे माहीत आहे ना?"

"हो."

"आज का सांगताय? हिच नसती घ्यायची तर सांगितलं असतं?"

अश्वजितनं विचार केला. "नसतं सांगतलं बहुतेक," तो म्हणाला.

मॅडमनी कोरा कागद काढून दिला. "लिहा. तुमच्या शब्दांत लिहा, कुणाला विचारू नका. आणि वारलूंना बसा म्हणून तुम्ही सांगितलं, ते वाक्य वेगळं लिहा. पहिलंच लिहा."

त्याला लिहायला पाऊण तास लागला. अक्षर वाकडं येत होतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं खांब दीड फूट पुढं घेतला. नाव पुढं सरकवायला शेडमधल्या चौकीदाराची मदत घेतली. पुन्हा काट्यावर नेलं, दोनशे पंधरा. त्यात पिकअपच्या मागच्या टोकाला ठेवायचे दोर, जॅकेटं आणि कॅन धरले तर आणखी सत्तर. हे आकडे त्यानं रिनाला फोनवर सांगितले.

"आता बोलले तुमी कामाचं," ती म्हणाली. "मधल्या दांड्या. तीनशेपर्यंतच्या, साखळीवाल्या. घेऊन या ट्रेलर."

मॅडमनी तिसऱ्या कागदावर सही केली. माल यायला जून उजाडला.

ट्रेलर घेऊन तो चंद्रपूरला गेला तेव्हा वेग चाळीसच्या वर जाऊ दिला नाही, वाटेत सात वेळा उतरून नट पाहिले. रिनाच्या छपराखाली पूर्ण दिवस गेला. नावेच्या ट्रेलरचा पुढचा दांडा एकच सरळ पाइप होता, साखळ्या अडकवायला दोन बाजू नव्हत्या. तिनं जाड पट्ट्या कापून पाइपला शिकंजा बसवला. मग फीत घेऊन पिकअपच्या पुढच्या चाकावरचं मडगार्ड जमिनीपासून मोजलं. ट्रेलर नसताना शहाऐंशी सेंटीमीटर, ट्रेलर जोडल्यावर एकोणनव्वद. दांड्या लावून साखळीची चौथी कडी अडकवली तेव्हा सत्त्याऐंशी.

"बस. इथंच थांबायचं," ती म्हणाली. "अजून ताणाची हाव नाई करायची. आनि दोन गोष्टी. हिच लावली म्हनून गाडीची ताकद वाढली नाई, जेवढं ओढत होती तेवढंच ओढन. दुसरं, नदीत उतराच्या आधी दांड्या काढाच्या. उतारावर गाडी आनि ट्रेलर मधात मोडतात, दांड्या लावून राह्यल्या तं एखादी चीज तुटन. नाल्यातला खोल रपटा आला तरी काढाच्या."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. कंटाळा आला तरी."

त्यानं ती गोष्ट वहीत लिहून घेतली.

कारवाईचं पत्र जूनच्या शेवटी आलं. सर्व्हिस बुकात नोंद झाली आणि जीपचा अर्ज नामंजूर झाला. त्याच टपालात दुसरं पत्र होतं, जुना अहवाल रद्द झाल्याचं आणि वारलू मडावीला यादीत परत घेतल्याचं. मॅडम म्हणाल्या, टपालानं पाठवू. अश्वजित म्हणाला, मी नेऊन देतो.

वारलूच्या अंगणात मोहाच्या सावलीत बाज होती. त्याच्या बायकोनं, सुकरीनं, पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. अश्वजितनं उभ्यानंच पत्र वाचून दाखवलं. नावाडी ड्रायव्हरच्या सांगण्यावरून बसला होता, त्याची चूक नव्हती, हे वाक्य आलं तेव्हा सुकरीनं नवऱ्याकडं पाहिलं.

"अजून एक डाव वाच," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं. वारलूनं पत्र घेतलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"दोर नाई ओढता येत आता मले," तो म्हणाला. "इंजिनाचा दोरबी नाई."

"दुसरा माणूस देतात दोरासाठी. पाणी तुमी पाहा. तुमच्यासारखं पाणी कोनाले दिसत नाई."

"पाहीन."

एवढंच बोलणं झालं. अश्वजित परत निघाला तेव्हा पाठीमागं कुणी आलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात भामरागडची वाट तुटायला आली आणि नाव मागवली गेली. वारलू पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसला. नावेत कुणी बसलं नाही. ताडगावच्या अलीकडचा उतार आला तसं अश्वजितनं गिअर उतरवला आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. स्टेअरिंग जड होतं, नीट जड, रस्ता हाताला कळत होता. मागून ट्रेलरचा ब्रेक हळूच लागल्याचा धक्का आला. आरशात नाव सरळ होती. समोरून एक ट्रक जोरात गेला, वाऱ्यानं ट्रेलर एकदा थरथरला आणि लगेच जागेवर आला.

वारलूनं खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "बरी चालते."

"हो."

वाटेत दोन रपटे लागले. दोन्ही वेळा अश्वजित चिखलात उतरला, साखळ्या सोडल्या, दांड्या काढून पिकअपमध्ये टाकल्या, पलीकडं जाऊन पुन्हा लावल्या. दुसऱ्या वेळी कंबर सरळ होईना तेव्हा तो बंपरला धरून थोडा वेळ वाकूनच उभा राहिला. वारलू खाली उतरला आणि उजव्या हातानं एक दांडी त्याच्याकडं सरकवली. नदीकाठी पुन्हा दांड्या निघाल्या आणि नाव पाण्यात गेली.

तीन दिवस त्यांनी पलीकडच्या गावांतून माणसं आणली. एका बाळंतिणीला आणलं, एका म्हाताऱ्याला आणलं, जो शेळी सोडायला तयार नव्हता, म्हणून शेळीही आणली. इंजिनावर भामरागडचा एक पोरगा होता, वारलू पुढं बसून त्याला उजव्या हातानं दाखवायचा, इकळे, तिकळे, थांब. अश्वजित काठावर गाडीपाशी राहायचा, दोर धरायचा, लोकांना उतरवायचा, डिझेल भरायचा. चौथ्या दिवशी पाणी उतरलं.

परत येताना वारलू सीटवरच झोपला. त्याचं तोंड उघडं पडलं होतं आणि मोडका खांदा पट्ट्याखाली तिरपा झाला होता. अश्वजितला वाटलं, पट्टा थोडा सैल करावा. पण त्याला जाग येईल म्हणून त्यानं केला नाही. गाडी आणखी हळू चालवली.

पेरमिलीच्या चौकात वारलू जागा झाला.

"घरापर्यंत सोडतो," अश्वजित म्हणाला.

"नाई. इथीच सोड. पायी जातो."

तो उतरला. दार लावायला त्याला दोनदा जोर करावा लागला. मग खिडकीशी आला.

"नावेत लय चिखल भरला आहे," तो म्हणाला. "उद्या धुवा लागन. नवाच्या बसनं येतो मी."

"या," अश्वजित म्हणाला.

वारलू रस्ता ओलांडून पायवाटेला लागला. अश्वजितनं इंजिन चालूच ठेवलं होतं. पाय क्लचवर ठेवायलाही त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानं आरशात एकदा नाव पाहिली आणि गाडी अहेरीकडं काढली.